कामगारवर्ग बदलतोय, आपली संस्था तयार आहे का? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले कारखानदार, पूर्व भागातले यंत्रमागधारक, गणवेश शिवणारे युनिटवाले, काही रुग्णालयं आणि पतसंस्था यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायद्याचा संबंध येतो तिथे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रम संहिता धरून उत्तर दिलं आहे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्याकडे वीस-वीस वर्षं तीच माणसं आहेत. मग तयारी कशाची करायची?

नेमकी याचीच. ज्यांनी तिशीत माग हातात घेतला ते आज पन्नाशीत आहेत आणि त्यांच्या मागे कोणी उभं नाही. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून या शहरात कामगार घरातच घडत गेला. बाप मागावर, आई कांड्या भरायला आणि मुलगा मोठा झाला की त्याच शेडमध्ये. मालकाला माणूस शोधावा लागायचा नाही, तो चालत यायचा.

आता मुलं शिकली आहेत आणि त्यांना शेडमध्ये यायचं नाही. बिडी वळणाऱ्या घरांतल्या मुलीही सूप-तंबाखू घेऊन बसायला तयार नाहीत. त्या शिलाई, दवाखाना, दुकान, ऑफिस शोधतात. त्यातच परराज्यांतून माणसं येताहेत. हे सगळं एकाच वेळी घडतंय. ‘माणसं मिळत नाहीत’ असं म्हणणाऱ्या मालकांना माझं सांगणं एवढंच असतं की माणसं शहरात आहेत. ज्या अटींवर त्यांचे आईवडील कामाला आले, त्या अटींवर ती येणार नाहीत.

२. सुरुवात कुठून करू? सल्लागार नेमावा का?

आधी एक वही करा. प्रत्येक कामगाराचं नाव, वय, तो कोणकोणतं काम जाणतो, तेच काम येणारा दुसरा माणूस कोण, तो राहतो कुठे आणि किती वर्षांत थांबेल, एवढंच लिहा. ‘दुसरा माणूस कोण’ हा रकाना जिथे कोरा राहील, तिथे तुमचा धंदा एका माणसाच्या तब्येतीवर उभा आहे. चाळीस-पन्नास कामगारांच्या कारखान्यात हे काम एका दुपारचं आहे आणि ते मालकानं स्वतः मुकादमाला शेजारी बसवून करावं. सल्लागार त्यानंतर. वही नसेल तर तो पुण्या-मुंबईच्या कंपनीसाठी केलेला तक्ता तुमच्या टेबलावर ठेवून जाईल.

३. पोरं पुण्याला जातात. पगार वाढवला तर थांबतील का?

काही थांबतील, पण नुसत्या पगारवाढीनं फार थांबणार नाहीत. पुण्यातला पगार मोठा दिसतो. खोलीभाडं, मेस आणि गाडीचं पेट्रोल वजा केलं की फरक बराच कमी होतो, हे त्या पोरांनाही कळतं. तरी ती जातात. का, ते त्यांनाच विचारून पाहा.

इथे पगाराची तारीख ठरलेली नसते. आठवड्याचा हिशेब नगावर किंवा मीटरवर होतो, त्यामुळे लाइट गेली किंवा सूत आलं नाही की त्या आठवड्याची मजुरी बुडते. हातात पगारपत्रक नसतं, म्हणून बँक दुचाकीलाही कर्ज देत नाही. आणि लग्नाची बोलणी सुरू झाली की ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘मागावर आहे’ हे उत्तर मुलीकडच्यांना चालत नाही. हे कारण कोणी चारचौघांत सांगत नाही, पण ते फार मोठं आहे.

यातल्या बहुतेक गोष्टी मालकाच्या हातातल्या आहेत. महिन्याचा किमान ठरलेला पगार आणि त्यावर उत्पादनाचा वाढावा, ठरलेल्या तारखेला बँकेत पैसे, पगारपत्रक, हुद्दा लिहिलेलं नेमणूकपत्र. नेमणूकपत्र आता कायद्यानंच बंधनकारक आहे. नगावर मजुरी ठेवायची असेल तरी दिवसाची कमाई किमान वेतनाखाली जाता कामा नये, आणि त्यातला विशेष (महागाई) भत्ता राज्यात दर जानेवारीत व जुलैत बदलतो हे लक्षात ठेवा.

बाहेर गेलेल्यांची यादीही जपा. आईवडील थकले, पुण्याचा भाडेखर्च झेपेना, मूल शाळेत घालायचं झालं, की तिशीतली बरीच माणसं परत यायचा विचार करतात. गड्ड्याच्या जत्रेला, दिवाळीला ती घरी येतात. तेव्हा त्यांना चहाला बोलवा. बाहेरचा अनुभव घेऊन आलेला माणूस सुपरवायझर म्हणून उत्तम ठरतो.

४. आमचे जॉबर (माग जुळवणारे, दुरुस्त करणारे) अण्णा साठीला आले. त्यांच्या हातातलं कसब दुसऱ्याकडे कसं उतरवायचं?

सगळ्यात निकडीचा प्रश्न हाच. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, पण त्या मानांकनामागचं ज्ञान कागदावर नाही, अशा पाच-पन्नास अण्णांच्या हातात आहे. टॉवेलला ताणे दोन असतात. जमिनीचा घट्ट, लूपचा सैल. या दोन ताणांतला मेळ चुकला की टॉवेल एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ येतो. अण्णा तो मेळ बोटानं दाबून ठरवतात. शेडच्या दारातून आवाज ऐकून कुठल्या मागाचं काय बिघडलंय ते सांगतात. नक्षी उठवणाऱ्या जकार्ड यंत्राची एखादी दोरी ओढ धरतेय हे चादरीवरच्या फुलाच्या पाकळीवरून ओळखतात.

हे शिकवायला ते कचरतात, आणि त्याला कारण आहे. ‘शिकवून झालं की मला काढतील’ ही भीती त्यांनी आसपास खरी होताना पाहिलेली असते. म्हणून पहिली पायरी लेखी हमी. अमुक वर्षं काम नक्की आणि शिकवण्याच्या कामाचे वेगळे पैसे. त्या काळात त्यांच्यावरचा मागांचा भार कमी करा. चार मागही सांभाळा आणि पोरालाही शिकवा असं सांगितलं, तर दोन्ही होत नाही.

मग जोडी लावा. शिकणारा दिवसभर त्यांच्या सोबतच राहील, बिघाड झाला की आधी तो अंदाज सांगेल आणि मग अण्णा हात लावतील. हा क्रम उलटा झाला की पोरगा नुसता बघत राहतो. प्रत्येक बिघाड वहीत उतरवा. काय झालं, कशावरून ओळखलं, काय केलं. शक्य तिथे मोबाइलवर दोन-तीन मिनिटांची चित्रफीत घ्या, आणि अण्णा तेलुगूत बोलत असतील तर तेलुगूतच बोलू द्या. मराठीत सांगा म्हटलं की अर्धं ज्ञान गळून पडतं. वर्षभरात किमान दोन माणसं तयार झाली पाहिजेत. एकच तयार केलात तर तो पुण्याला गेल्यावर तुम्ही पुन्हा जिथल्या तिथे.

वस्त्रोद्योग मंत्रालयाची ‘समर्थ’ ही कौशल्य प्रशिक्षण योजना आहे. नवख्यांना मूलभूत शिकवायला तिचा उपयोग करून घ्या. जॉबरचं कसब मात्र तुमच्या शेडमध्येच उतरेल.

५. कामगाराला ५८ पूर्ण झाली. पीएफ बंद करून त्याला ठेवता येतं का?

ठेवता येतं, पण पीएफ बंद होत नाही. ५८ नंतर फक्त पेन्शन योजनेतली वर्गणी थांबते. मालकाच्या हिश्शातले जे ८.३३ टक्के पेन्शनकडे जायचे, तेही आता भविष्य निर्वाह निधीतच जमा करायचे. पुष्कळ ठिकाणी ही नोंद बदलायची राहते आणि पुढे कामगाराचा दावा अडकतो.

पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते. एखाद्याची नऊच भरत असतील तर घाईनं निरोप देऊ नका, आधी जुन्या मालकाकडची सेवा जोडली आहे का ते पाहा. काम मात्र बदला. बारा तास उभं राहण्याऐवजी तपासणी, सूत वाटप किंवा शिकवणं. ४० वर्षांवरील कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आता आहे. सुताच्या कस्पटात आयुष्य गेलेल्यांची छाती आणि मागांच्या खडखडाटात राहिलेल्यांचे कान, हे दोन्ही त्यात तपासून घ्या.

६. शिलाईला बायका घेतो, पण दोन-तीन महिन्यांत सोडून जातात. काय करावं?

आधी हजेरीपत्रक घेऊन बसा आणि खाडे कोणत्या दिवशी पडतात ते बघा. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. ज्या भागात सकाळी पाणी येतं, त्या भागातल्या बायका त्या दिवशी उशिरा येतात किंवा येतच नाहीत. घरातलं पाणी भरून ठेवणं त्यांच्याकडेच असतं, आणि त्या दिवशी नाही भरलं तर पुढचे कित्येक दिवस घर कोरडं. मालक याला ‘बेशिस्त’ म्हणतो, पगार कापतो आणि बाई काम सोडते. त्यापेक्षा भागवार पाण्याच्या पाळीचा तक्ता भिंतीवर लावा, त्या दिवशी त्या भागातल्या बायकांना दीड तास उशिरा येऊ द्या आणि तो वेळ दुसऱ्या दिवशी भरून घ्या. खर्च काहीच नाही. मला हा उपाय इतर सगळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण तो करताना मालकाला पहिल्यांदा कळतं की आपली कामगार कारखान्यात यायच्या आधी काय काय उरकून येते.

दुसरं कारण मूल. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर कायद्यानं लागतं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. तुमच्याकडे वीसच असतील तरी शेजारच्या तीन युनिटांनी मिळून एक खोली आणि एक मावशी ठेवणं अवघड नाही. बाईच्या मनावरचं अर्धं ओझं त्यानं उतरतं.

तिसरं, स्वच्छतागृह. त्याला आतून कडी, पाणी आणि दिवा हवाच. हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं, पण कितीतरी युनिटांत बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नाही.

चौथं, वेग. बिडी वळणारी बाई आपल्या घरात, आपल्या वेळेत, शेजारणींशी बोलत काम करत आलेली असते. पहिल्याच दिवशी तिच्यावर ओव्हरलॉक मशीन आणि नगांचं उद्दिष्ट लादू नका. पहिले सहा आठवडे ठरलेला पगार द्या आणि सरळ शिवण, कॉलर, काजे-बटण असं एकेक काम हातात बसू द्या. गणवेशाचा हंगाम जूनच्या आधी संपतो. म्हणून भरती दिवाळीनंतर लगेच करा, मार्चमध्ये नको. मार्चमध्ये आलेल्या बाईला शिकवायला कोणाकडेच वेळ नसतो. रात्रपाळीसाठी प्रश्न ८ पाहा.

७. बिडी कामगार बायका म्हणतात, ‘इकडे आलो तर आमचं कार्ड आणि पीएफ जाईल.’ खरं आहे का?

पीएफ कुठेही जात नाही. यूएएन हा पीएफ खातेदाराचा क्रमांक आयुष्यभर एकच असतो. तो विचारा आणि त्याच क्रमांकावर नोंद करा. कंटाळा करून नवा क्रमांक काढलात, तर जुनी सेवा वेगळी पडते आणि पेन्शनच्या दहा वर्षांत खंड दिसतो. बहुतेकींची अडचण नावाची असते. बिडी कारखान्यात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जन्मतारीख तिसरीच. भरती करतानाच दुरुस्तीचा अर्ज भरून द्या. हे काम तुमच्या कारकुनासाठी तासाभराचं आहे, तिला मात्र त्यासाठी रोजगार बुडवून खेपा घालाव्या लागतात.

कार्डाची भीती निराधार नाही. बिडी कामगार ओळखपत्रावर दवाखाना आणि मुलांची शिष्यवृत्ती मिळते, आणि ते सगळं ती बिडी कामगार असण्याशी जोडलेलं आहे. म्हणून ‘काही होत नाही’ असं मोघम सांगू नका. मुलाची शिष्यवृत्ती चालू असेल तर तिला तिचा हिशेब करू द्या, आणि ईएसआयमधून (कर्मचारी राज्य विमा) तिला व कुटुंबाला कोणते उपचार मिळतील ते समोर ठेवा. १० किंवा अधिक कर्मचारी आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय लागू होतो.

८. बायकांना रात्रपाळीला ठेवता येतं का?

सायंकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ पूर्वी काम देता येतं, पण तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची व्यवस्था तुमची. नेमणुकीच्या कागदांत गठ्ठ्यानं घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. घरापर्यंत गाडी द्या आणि पाळीत एकटीच बाई ठेवू नका. कुंभारीसारख्या लांबच्या वसाहतींतून येणाऱ्यांसाठी तर गाडीशिवाय रात्रपाळीचा विषयच काढू नये.

९. आम्ही फक्त बाराजण. लैंगिक छळ तक्रार समिती आम्हालाही लागते का?

लागते. २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरची. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. ही माहिती भिंतीवर लावा. कोणत्या भाषेत, ते प्रश्न ११ मध्ये.

१०. उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार ठेवले आहेत. ते होळीला गेले की महिनाभर परत येत नाहीत.

ज्याला वर्षातून एकदाच घरी जायला मिळतं तो लवकर परतत नाही. वर्षातून दोनदा, ठरवून, निम्म्या-निम्म्या तुकडीनं पाठवा आणि परतीचं तिकीट तुम्ही काढा. दहा किंवा अधिक आंतरराज्य कामगार असतील तर पात्र कामगाराला वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याचं भाडं देणं कायद्यातच आहे, आणि स्वतःहून आलेला कामगारही त्यात धरला जातो.

त्यांची शिधापत्रिका इथेही चालते, ‘एक देश एक शिधापत्रिका’ योजनेमुळे. अनेकांना ते ठाऊक नसतं. शेडमध्येच झोपायची सोय करत असाल तर थांबा. कापूस, सूत, कस्पट आणि रात्री बाहेरून लावलेलं कुलूप, यात आग लागली तर माणूस बाहेर पडू शकत नाही. राहण्याची जागा वेगळीच हवी.

११. पाट्या आणि सूचना कोणत्या भाषेत लावायच्या?

कामगार ज्या भाषेत घरी बोलतात त्या. सोलापुरात म्हणजे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, हिंदी. सगळ्यांना वाचता येत नाही, म्हणून धोक्याच्या सूचना चित्रांतून द्या आणि नव्या माणसाला त्याच्याच भाषेतल्या सहकाऱ्याकडून तोंडी समजावून सांगा.

१२. कायम नोकरी न देता एक-दोन वर्षांच्या करारावर घेतलं तर ग्रॅच्युइटी द्यावी लागत नाही ना?

द्यावी लागते. ठरावीक मुदतीच्या कामगाराला आता एक वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. पाच वर्षांची अट त्याला लागू नाही. वेतन आणि सवलतीही तेच काम करणाऱ्या कायम कामगारासारख्याच. हंगामी मागणीसाठी ही पद्धत चांगली आहे, पैसे वाचवायची वाट म्हणून नाही.

याच ओघात दुसरा नेहमीचा प्रश्न. मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवले तर? एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त भत्ते असतील तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते, आणि पीएफ-ग्रॅच्युइटीचा हिशेब त्यावर होतो.

१३. आयटीआयची मुलं शिकाऊ म्हणून घ्यायची आहेत. काय नियम?

३० किंवा अधिक कर्मचारी असतील तर २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिना कमाल १,५०० रुपये, सरकार देतं. पण शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर करार नोंदवलेला असेल तरच तो शिकाऊ. कागद न करता ‘ट्रेनी’ म्हणून ठेवलेला मुलगा कायद्याच्या नजरेत कामगारच आहे, सगळ्या हक्कांसह.

१४. रॅपियर (धोट्याविना चालणारे स्वयंचलित) माग आणतोय. जुन्या साध्या मागांवरचे कामगार काढावे लागतील. कसं करू?

काढण्याआधी निवडा. मशीनची ऑर्डर देतानाच कोण नव्या मागावर जाईल ते ठरवा, आणि मशीन बसवायला कंपनीचा माणूस येईल तेव्हा त्यांना त्याच्याबरोबर उभं करा. ते दिवस पुन्हा मिळत नाहीत. चाळिशीतला विणकर पडद्यावरची बटणं बघून बिचकतो, पण धागा का तुटला हे त्याला पंचविशीतल्या डिप्लोमावाल्यापेक्षा जास्त कळतं. दोघांना एकत्र ठेवा.

तरी काही माणसं उरली तर महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांची भरपाई द्यावी लागते. शिवाय पुनर्कौशल्य निधीसाठी १५ दिवसांचं वेतन. संपूर्ण हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा. बातमी मालकानं स्वतः सांगावी. मुकादमाच्या तोंडून कळली तर राहिलेल्यांचाही विश्वास जातो.

१५. आमचं रुग्णालय आहे, कारखाना नाही. हे सगळं आम्हाला कशाला?

धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडचे रुग्ण सोलापुरात येतात, म्हणजे काम वाढतंय. पण नर्स दोन वर्षं शिकून पुण्याला जाते. प्रश्न २, ३, ६ आणि ८ ची उत्तरं तुम्हाला जशीच्या तशी लागू आहेत. एक भर घालतो. पाळ्यांचा तक्ता महिनाभर आधी लावा. आदल्या रात्री फोन करून बोलावणं हे नर्सनी नोकरी सोडण्यामागचं मोठं कारण असतं. पतसंस्थांनी प्रश्न २ ची वही आधी करावी. वसुली सांभाळणारा एकच जुना माणूस निवृत्त झाला की कर्जदारांची अर्धी ओळख त्याच्याबरोबर जाते.

१६. बायोमेट्रिक हजेरी बसवली, पण जुन्या कामगारांचे ठसे उमटत नाहीत. गैरहजेरी लावायची का?

मुळीच नाही. सूत आणि तेंदूपत्ता हाताळून बोटांचे ठसे घासतात. चेहऱ्यानं हजेरी घेणारं यंत्र लावा किंवा सहीची वही ठेवा. ज्या कामानं त्यांचे ठसे गेले, त्याच कामाचा पगार त्यापायी कापणं अन्याय आहे.

१७. कामगार उचल घेऊन दुसरीकडे गेला. नवा मालक उचल फेडून त्याला ‘घेऊन’ जातो म्हणतो. हे चालतं का?

यंत्रमागात ही पद्धत जुनी आहे, म्हणून ती चुकीची वाटतही नाही. पण उचल फिटेपर्यंत माणसाला अडवून ठेवणं, त्याची कागदपत्रं ठेवून घेणं किंवा उचलीसकट त्याला एका मालकाकडून दुसऱ्याकडे सोपवणं वेठबिगारीत मोडू शकतं, आणि वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद आहे. उचल हे देणं आहे. ते मागता येतं, पण माणूस तारण म्हणून ठेवता येत नाही.

कामावर असताना दर पगारातून ठरलेला हप्ता कापा, आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. लेखी नोंद दोघांकडे ठेवा. मोठी उचल मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी मागितली जाते. अशा वेळी पगारपत्रकावर बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज मिळवून द्या आणि आजारपणात ईएसआयचा दवाखाना दाखवा. पीएफमधूनही लग्न आणि आजारपणासाठी रक्कम काढता येते. त्याचा अर्ज भरून द्यायला आठवड्यातली एक संध्याकाळ कारकुनाला मोकळी ठेवा.